‘अल्लाहची मर्जी’ हे शब्द कोणाच्या तोंडी शोभतात?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. भिवापुरात असरनंतर सुरू झालेला पाऊस इशापर्यंत थांबला नव्हता. नमाज आटोपून लोक छत्र्या उघडीत घराकडे निघाले आणि मशिदीत मागच्या सफमध्ये एक मुलगा तेवढा बसून राहिला. अठरा वर्षे पूर्ण होऊन त्याला काही महिनेच झाले होते. डाव्या हाताला प्लास्टर होते. तीन आठवड्यांपूर्वी उमरेडच्या रस्त्यावर, एका जोरदार सरीनंतर, त्याची मोटारसायकल घसरली होती. तो वाचला, मागे बसलेला त्याचा मित्र वाचला नाही. त्या मित्राच्या जनाजाची नमाज मीच पढविली होती. दफनविधीनंतर त्याच्या वडिलांचा हात हातात घेऊन मी म्हणालो होतो, अल्लाहची मर्जी, सब्र करा. वडिलांनी मान हलवून तेच शब्द पुन्हा उच्चारले होते.

मुलगा जवळ येऊन बसला आणि म्हणाला, “मौलाना, घरी येणारा प्रत्येकजण मला सांगतो, जे झाले ती अल्लाहची मर्जी होती, तू मनाला लावून घेऊ नकोस. अम्मीही तेच म्हणते. पण मागचा टायर गुळगुळीत झाला आहे, हे मला ठाऊक होते. तो मागून ‘हळू चालव’ म्हणत होता, तेही मी ऐकले होते. मग ती अल्लाहची मर्जी होती की माझी चूक?”

मला लगेच उत्तर देता आले नाही. तकदीरविषयी मदरशात शिकलेले सारे काही डोक्यात होते. परंतु समोर बसलेल्या मुलाला त्यातले नेमके काय सांगावे, हे उमगत नव्हते. त्या रात्रीनंतर मी या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला. जे उत्तर हाती लागले ते त्या मुलापुरते मर्यादित नाही. त्याच्या हाती गाडीची किल्ली देणाऱ्यांना ते लागू आहे आणि मिंबरवर उभे राहणाऱ्या माझ्यासारख्यालाही ते लागू आहे. म्हणून ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

एकच वाक्य, दोन मुखे

तकदीरवर श्रद्धा हा ईमानचा भाग आहे. अल्लाहच्या ज्ञानाबाहेर आणि त्याच्या इच्छेबाहेर एक पानही गळत नाही, यावर प्रत्येक मुस्लिमाचा विश्वास असतो. ज्याचा मुलगा गेला त्या बापाने ‘अल्लाहची मर्जी’ म्हटले, तेव्हा त्याने या श्रद्धेचा आधार घेतला. ते वाक्य त्याच्या तोंडी सब्र आहे, आणि त्या सब्रसाठी त्याला अल्लाहकडे मोठा मोबदला आहे.

परंतु ज्याच्या हातून घडले त्याने, किंवा त्याच्या वतीने त्याच्या घरच्यांनी, हेच वाक्य उच्चारले तर त्याचा अर्थ पालटतो. तेथे ते सब्र राहत नाही, सबब होते. कुरआनने सूरह अनआमच्या १४८ व्या आयतीत अनेकेश्वरवाद्यांची अशीच एक सबब सांगितली आहे. अल्लाहने इच्छिले असते तर आम्ही हे केलेच नसते, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि अल्लाहने तो साफ धुडकावून लावला. याच आधारावर विद्वानांनी एक सूत्र सांगितले आहे: तकदीरचा आधार आपल्यावर आलेल्या संकटात घ्यावा, आपल्या हातून घडलेल्या दोषावर पांघरूण घालण्यासाठी घेऊ नये.

हा भेद सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो हजरत उमर (रजि.) यांच्या एका प्रवासात. ते मदिनेहून शाम प्रदेशाकडे निघाले होते. सर्ग या ठिकाणी पोहोचताच सेनापतींनी येऊन सांगितले की, पुढे प्लेगची साथ पसरली आहे. त्यांनी मुहाजिरांशी, अन्सारांशी आणि कुरैशच्या वडीलधाऱ्यांशी सल्लामसलत केली व परत फिरण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? हजरत उमर (रजि.) यांचे उत्तर सही बुखारीत नोंदलेले आहे. त्याचा आशय असा की, होय, आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. पुढे त्यांनी उंटाचे उदाहरण दिले. एका दरीचा एक उतार हिरवागार आणि दुसरा उजाड असेल, तर तुम्ही उंट कोणत्याही उतारावर चारलेत तरी ती अल्लाहची तकदीरच. पण शहाणा माणूस त्याला हिरव्या उतारावर नेईल.

हे उदाहरण आपल्या रस्त्यावर आणून पाहावे. ओल्या रस्त्यावर तीस किलोमीटरच्या वेगाने जाणे हीही तकदीर आहे आणि ऐंशीच्या वेगाने जाणेही तकदीरच आहे. परंतु कोणत्या उतारावर उंट न्यायचा, हे ठरविण्याची मुभा अल्लाहने आपल्याला दिली आहे आणि हिशेब त्याच मुभेचा होणार आहे. तिर्मिजीतील प्रसिद्ध हदीसमध्ये एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले की, उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून? प्रेषितांनी (स.) बांधून भरवसा ठेवण्यास सांगितले. गुळगुळीत टायरची गाडी पावसात काढणे म्हणजे उंट मोकळा सोडणे होय. त्यानंतर घेतलेले तवक्कुलचे नाव तवक्कुल उरत नाही.

टाळता येण्याजोगे काय?

येथे एक रास्त प्रश्न उभा राहतो. माणसाच्या हाती सारेच नसते. उमरेड ते भिवापूर या पट्ट्यात कऱ्हांडल्याचे जंगल आहे. रानडुक्कर किंवा नीलगाय अचानक रस्त्यावर येते. कोळशाच्या खाणींमुळे जड ट्रकची वर्दळ असते. मग माणसाची जबाबदारी कोठे संपते?

आपल्या फुकहांनी या प्रश्नाचा विचार घोडे आणि उंट यांच्या काळातच करून ठेवला आहे. बाराव्या शतकातील इमाम बुरहानुद्दीन मरगीनानी (रह.) यांचा ‘हिदाया’ हा हनफी फिकहचा ग्रंथ भारतातील असंख्य मदरशांत आजही शिकविला जातो. त्यातील नियमाचा सारांश असा: सार्वजनिक रस्त्यावरून जाणे प्रत्येकाला मुबाह आहे, पण ज्या गोष्टी टाळणे शक्य आहे त्यांपासून इतरांना सुरक्षित ठेवण्याच्या अटीवर. चालत्या जनावराने पुढच्या पायाखाली कोणाला तुडविले तर स्वार जबाबदार, कारण समोर पाहणे त्याच्या हाती होते. चालता चालता मागची लाथ लागली तर तो जबाबदार नाही, कारण ते टाळणे त्याच्या हाती नव्हते. खुराने उडालेला बारीक खडा कोणाला लागला तर जबाबदारी नाही. मोठा दगड उडाला तर आहे, कारण मोठा दगड उडतो तो स्वाराने जनावर दामटल्यामुळे.

खडा आणि दगड यांतील हा फरक ओल्या रस्त्याला लावून पाहू. उन्हाळाभर डांबरावर तेल, धूळ आणि टायरच्या रबराचा थर साचतो. पहिली सर आली की तो धुऊन जाण्याआधी पाण्यात मिसळून निसरडा होतो. म्हणून पहिल्या पावसाची पहिली काही मिनिटे फार घातक असतात. पेरणीच्या दिवसांत शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर चिखल डांबरावर येतो. रस्त्यावरील पांढरे पट्टे आणि पुलांवरील लोखंडी सांधे ओले झाले की त्यांवर चाक टिकत नाही. टायरवरच्या खाचा पाणी बाहेर फेकण्यासाठीच असतात; त्या झिजल्या की साचलेल्या पाण्यावर चाक तरंगू लागते, आणि तरंगणाऱ्या चाकाला ब्रेकही आवरू शकत नाही आणि हँडलही. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर पुढे जाते. म्हणजे संकट दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच ती इतकी सरकलेली असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबण्यापर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते. रस्ता ओला असेल तर ते त्याहून वाढते.

यांतील एकही गोष्ट आकाशातून अचानक कोसळत नाही. सगळ्या आधी कळू शकतात. रानडुक्कर अवचित आडवे येणे हा खडा असेल. पण त्या वेळी गाडीचा वेग साठ होता की तीस, हा दगड आहे.

तरी एक अडचण उरतेच, आणि मला वाटते या प्रश्नाचे मर्म तिच्यातच आहे. टाळता येण्याजोगे काय, हे प्रत्येकाला सारखे दिसत नाही. तीस वर्षे ट्रक चालविलेला माणूस रस्त्याची चकाकी पाहूनच वेग कमी करतो. त्याच्या दृष्टीने गाडीचे घसरणे अर्धा किलोमीटर आधीच सुरू झालेले असते. नवख्या मुलाला मात्र ते घसरण्याच्या क्षणापर्यंत दिसत नाही. त्याच्यासाठी सारे एका झटक्यात घडते, म्हणून त्याला ते खरोखरच तकदीरसारखे भासते. तो खोटे बोलत नसतो. अनुभव म्हणजे तरी दुसरे काय? काल जे अटळ वाटत होते, ते आज टाळता येते, हे कळणे म्हणजे अनुभव. ज्याला हे कळते त्याची जबाबदारी वाढते. ज्याला अजून कळलेले नाही त्याला ते कळवणे, ही कळलेल्याची जबाबदारी होय.

जुमापेक्षा तातडीचे काय आहे?

पावसाळी रस्त्याविषयी आपल्या धर्मात काही शिकवण आहे काय, असे कोणी विचारले तर सही बुखारी व सही मुस्लिममधील एक प्रसंग सांगावा लागेल. एका जुमाच्या दिवशी पाऊस पडून चिखल झाला होता. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी मुअज्जिनला सांगितले की, अजानमध्ये नमाजकडे बोलावणाऱ्या शब्दांऐवजी लोकांना घरीच नमाज पढण्याची सूचना द्यावी. लोकांना आश्चर्य वाटले. तेव्हा त्यांनी सांगितले की, माझ्याहून श्रेष्ठ असलेल्यांनी, म्हणजे प्रेषितांनी (स.), असेच केले आहे, जुमा फर्ज आहे, हे मला माहीत आहे, पण तुम्ही चिखलातून घसरत यावे, हे मला रुचले नाही.

जुमासारख्या फर्जमध्ये निसरड्या वाटेमुळे सवलत मिळते. मग आपल्या तरुणांना पावसात सत्तर-ऐंशीचा वेग धरायला लावणारे असे कोणते काम आहे, की जे जुमापेक्षाही तातडीचे आहे?

घाईविषयीची शिकवणही अशीच स्पष्ट आहे. नमाज उभी राहिली असली तरी धावत येऊ नका, शांतपणे या, जेवढी मिळेल तेवढी पढा आणि राहिलेली पूर्ण करा, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. हजमध्ये अरफातहून निघताना मागे उंटांना मारून पळविण्याचा गलबला ऐकू आला, तेव्हा त्यांनी लोकांना शांततेची खूण केली आणि पुण्य वेगात नसल्याचे समजावले. आणखी एका प्रवासात अन्जशा नावाचे सेवक गाणे म्हणत उंट हाकीत होते. त्या सुरावर उंट वेगाने चालू लागले. उंटांवर स्त्रिया बसल्या होत्या. प्रेषितांनी (स.) अन्जशांना जपून हाकायला सांगितले आणि त्या स्त्रियांना काचेच्या भांड्यांची उपमा दिली. आपल्यामागे जो बसला आहे त्याचा जीव काचेसारखा आपल्या हाती आहे, हे स्वाराने विसरू नये, एवढे या प्रसंगातून निश्चित कळते. ‘हळू चालव’ हे मागून आलेले शब्द विनंतीहून अधिक आहेत. तो मागे बसलेल्याचा हक्क आहे.

वय आणि समज

आता तरुणांचा आक्षेप ऐकला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. ते म्हणतात, चालविल्याशिवाय अनुभव येणार कसा? अनुभव नाही म्हणून गाडी देऊ नका आणि गाडी नाही म्हणून अनुभव नाही, हा न्याय कोणता? आमच्या भागात तर गरजही खरी आहे. नागपूर-नागभीड ही भिवापूरवरून जाणारी नॅरोगेज रेल्वे रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली. तेव्हापासून उमरेडला कॉलेजात किंवा नागपूरला कामासाठी जाणाऱ्या तरुणाला एसटी किंवा स्वतःची दुचाकी याच वाटा प्रामुख्याने उरल्या. दुचाकी ही प्रत्येक घरी चैन नसते. अनेक घरांची रोजी तिच्यावर चालते.

कुरआनात या आक्षेपाचे उत्तर एका वेगळ्या संदर्भात सापडते. सूरह निसाच्या सहाव्या आयतीत अनाथांची संपत्ती त्यांच्या हाती केव्हा द्यावी, हे सांगितले आहे. विवाहयोग्य वयापर्यंत त्यांची परीक्षा घेत राहा आणि त्यांच्यात रुश्द, म्हणजे योग्य समज, दिसली की त्यांची संपत्ती त्यांच्या हवाली करा, असा तेथील आदेश आहे. म्हणजे वय आणि समज या दोन वेगळ्या अटी आहेत, आणि समज पारखण्याचे काम पालकावर सोपविले आहे. हनफी विद्वानांच्या मते ही परीक्षा वयात येण्याआधीच सुरू होते. मुलाच्या हाती थोडे भांडवल देऊन, पालकाच्या नजरेखाली, त्याला लहानसा व्यवहार करू द्यावा. चुकला तर नुकसान थोडे होते आणि शिकणे पुष्कळ होते.

वयाबाबत प्रेषितांचा (स.) आदर्शही आपल्यापुढे आहे. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) उहुदच्या लढाईच्या वेळी चौदा वर्षांचे होते. त्यांनी स्वतःला सैन्यात सादर केले. परवानगी मिळाली नाही. खंदकच्या वेळी पंधरा वर्षांचे झाले, तेव्हा मिळाली. पुढे हजरत उमर इब्ने अब्दुल अजीज (रह.) यांनी ही हदीस ऐकली आणि लहान व मोठे यांतील सीमा म्हणून ती आपल्या अधिकाऱ्यांना लिहून कळविली. त्या मुलाच्या धाडसात काही उणे नव्हते. तरीही त्याला थांबविण्यात आले, आणि थांबविण्यात त्याचा अपमान आहे असे कोणी मानले नाही.

आपल्या देशाच्या कायद्यानेही याच दोन अटी ठेवल्या आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार गाडी चालविण्यासाठी अठरा वर्षे पूर्ण हवीत. पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी सोळा. आधी शिकाऊ परवाना, मग परीक्षा, मग पक्का परवाना. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९३ मध्ये ब्रुनेई येथील अधिवेशनात असा ठराव केला की, शरीअतच्या विरोधात नसलेले वाहतुकीचे नियम पाळणे हे शरीअतच्या दृष्टीनेही बंधनकारक आहे. म्हणून ‘साहेबाने पकडले नाही म्हणजे झाले’ हा विचार मुस्लिमाला शोभत नाही.

परंतु परवान्याची परीक्षा बहुधा कोरड्या मैदानावर होते. ओल्या रस्त्याची परीक्षा घराने घ्यायची असते. पहिल्या पावसाळ्यात मुलाला एकट्याला लांब पाठवू नये. बाप, काका किंवा थोरला भाऊ यांनी मागे बसून गावातल्या मोकळ्या जागेत त्याला ओल्या जमिनीवर ब्रेक लावायला शिकवावे: दोन्ही ब्रेक हळूहळू, वळणावर अजिबात नाही, वेग वळणाआधी कमी. पहिले काही महिने मागे मित्र नको, रात्र नको, महामार्ग नको. हेच ते थोडे भांडवल. शिकण्याची किंमत चुकवावी लागतेच. ती खरचटलेल्या गुडघ्याने मोकळ्या जागेत चुकवावी, दुसऱ्याच्या मुलाच्या जिवाने रस्त्यावर नव्हे.

कोणी म्हणेल, मुलगा अठराचा झाला, कमावता झाला, आता त्याला अडविणारे आम्ही कोण? माणसाच्या स्वातंत्र्याची बूज राखणाऱ्यांत इमाम अबू हनीफा (रह.) अग्रणी होते. सज्ञान, शहाण्या माणसाने आपली दौलत उधळली तरी त्याच्यावर निर्बंध घालू नये, असे त्यांचे मत होते. तरीसुद्धा तीन माणसांना त्यांनी यातून वगळले: लोकांना पळवाटा शिकविणारा मुफ्ती, अडाणी वैद्य, आणि जनावरे जवळ नसताना भाड्याने देण्याचा करार करून प्रवाशांना वाटेत अडकविणारा दिवाळखोर. या तिघांना आवरावे, कारण त्यांच्या वागण्याचे नुकसान इतरांना सोसावे लागते. स्वतःच्या संपत्तीशी खेळण्याची मोकळीक वेगळी आणि दुसऱ्याच्या जिवाशी खेळण्याची वेगळी. न शिकता रस्त्यावर उतरलेला चालक या अडाणी वैद्याच्या पंक्तीत बसतो.

नातलग भरपाई का देतात?

इस्लामी कायद्यात चुकून घडलेल्या हत्येची दियत एकट्या दोषी माणसाकडून घेतली जात नाही. तिचा भार आकिला, म्हणजे त्याचा गोतावळा, उचलतो. मदरशात शिकताना मला हे विचित्र वाटे. चूक एकाची, मग भरायचे इतरांनी का? ‘हिदाया’मध्ये त्याचे कारण दिले आहे. माणूस बेफिकीर होतो तो आपल्या पाठीशी असलेल्यांच्या बळावर, आणि पाठीशी असलेल्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवण्यात कसूर केलेली असते. म्हणून भार त्यांच्यावर. आज भारतात भरपाई न्यायाधिकरण आणि विमा यांच्या वाटेने मिळते. पण त्या कारणाचे वजन कमी झालेले नाही.

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात जी सुधारणा झाली, तिच्यात जवळजवळ हाच विचार आला आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. १९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका आलिशान मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असे पोलिसांचे म्हणणे आहे. जामीन देताना त्याला अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्यास सांगितले गेले आणि देशभर संताप उसळला. तो संताप रास्त होता. पण ती बातमी वाचून हळहळणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी त्याच संध्याकाळी पंधरा वर्षांच्या पोराला दूध आणायला मोटारसायकल दिली असेल? आपली गाडी स्वस्त आहे, एवढ्याने आपला गुन्हा स्वस्त होत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील दोन-तृतीयांशाच्या आसपास अठरा ते पंचेचाळीस या वयोगटातील होती. रस्ते नीट ठेवणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि खड्ड्यांचा जाब विचारलाच पाहिजे. मात्र शासनाच्या चुकीमुळे आपली चूक माफ होत नाही. खड्डा पाण्याखाली दडला आहे, हे ठाऊक असणाऱ्याने तर अधिकच जपून गेले पाहिजे.

आणि आम्ही इमाम? अलीकडच्या वर्षांत रबीउल अव्वल महिना पावसाळ्यातच आला. प्रेषितांच्या (स.) नावाने निघालेल्या मिरवणुकांत एका गाडीवर तिघे-तिघे, डोक्यावर हेल्मेट नाही, सायलेन्सर काढलेले, अशी मुले मी पाहिली. ज्यांनी अरफातवर उंट दामटू नका म्हणून सांगितले, त्यांच्या प्रेमाचे हे प्रदर्शन! मी पाहिले आणि पुढच्या जुमाला दुसऱ्याच विषयावर खुतबा दिला. रस्त्यावरून त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची शाखा आहे, ही हदीस मी कितीतरी वेळा सांगितली असेल. पण भरधाव गाडी हीच आज रस्त्यावरील सर्वांत त्रासदायक वस्तू आहे, हे एकदाही सांगितले नाही. त्या मुलाच्या आकिलामध्ये मीही मोडतो.

त्या मुलाला दिलेले उत्तर

काही दिवसांनी मी त्याला बोलावले आणि म्हणालो, “बेटा, तुझा मित्र किती श्वास घेणार हे अल्लाहच्या ज्ञानात होते. ते त्याच्या बापाने म्हणावे. तू म्हणायचे ते वेगळे आहे.”

चुकून घडलेल्या हत्येत खुनाचे पाप नसते, असे फुकहा सांगतात. कारण इरादा नव्हता. पण जपण्यात आणि खबरदारीत कमी पडल्याचा दोष मात्र उरतो, आणि सूरह निसाच्या ९२ व्या आयतीतील कफ्फारा त्याचसाठी आहे, हेही तेच सांगतात. गुलाम मुक्त करणे आज शक्य नाही. म्हणून सलग दोन महिन्यांचे रोजे. मयताच्या घरच्यांची भरपाई, आणि मनापासून तौबा. तू खुनी नाहीस, आणि निर्दोषही नाहीस. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि दोन्ही मान्य केल्यावरच पुढची वाट सापडते. अल्लाहने कफ्फारा ठेवला याचाच अर्थ, दार बंद केलेले नाही.

मग आम्ही दोघे त्याच्या मित्राच्या घरी गेलो. मुलाने टायरची आणि ‘हळू चालव’ या शब्दांची गोष्ट त्या बापाला स्वतःच्या तोंडाने सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, “माफ केले, असे आज म्हणवत नाही. पण तू येऊन सांगितलेस, हे बरे केलेस.” मी त्यांना माफीचा आग्रह केला नाही. कुरआनने त्या आयतीत माफीला घरच्यांचा सदका म्हटले आहे, आणि सदका वसूल करता येत नाही. हात बरा झाल्यावर मुलाने सलग दोन महिन्यांचे रोजे पूर्ण केले. आता तो गाडी चालवतो, पण पावसात त्याच्या मागे बसलेल्याला ‘हळू’ म्हणावे लागत नाही.

वाहनावर बसताना पढण्याची दुआ सूरह जुखरुफमध्ये आली आहे. तिच्यात दोन गोष्टींची कबुली आहे: हे वाहन आपल्या ताब्यात येण्याची ताकद आपल्यात नव्हती, ते अल्लाहने स्वाधीन करून दिले, आणि आपल्याला आपल्या पालनकर्त्याकडे परत जायचे आहे. किल्ली फिरविण्याआधी जो समजून ही दुआ पढेल, त्याचा हात ॲक्सिलरेटरवर आपोआप सैल होईल.

मृग नक्षत्र लागण्याआधीच्या जुमाला यंदा मी याच विषयावर बोलणार आहे. वाचक बंधुभगिनींनी आपापल्या घरी त्याच दिवशी एवढेच करावे: गाडीचे टायर आणि ब्रेक पाहावेत, हेल्मेट शोधून काढावे, आणि मुलाला मागे बसवून नव्हे तर स्वतः त्याच्या मागे बसून एक फेरी मारावी. आपल्याला जे दिसते ते त्याला दाखवावे.

अल्लाह आपल्या तरुणांना रुश्द देवो, मोठ्यांना आपली अमानत ओळखण्याची बुद्धी देवो, आणि पावसाला आपल्यासाठी रहमतच ठेवो. आमीन.